नाग, बदक आणि शून्य : ग्वाल्हेरचे दिवस

जानेवारीत ग्वाल्हेरला जाऊ नका, धुक्यात काही दिसत नाही, असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. मी आता सगळ्यांना उलटं सांगते आहे. जानेवारीतच जा. सकाळी दहापर्यंत शहर दिसत नाही हे खरं आहे, पण नंतर धुकं विरायला लागतं तसं एकेक पाटी, एकेक कमान, एकेक नक्षी वेगवेगळी पुढे येते. डिझाइन शिकणाऱ्या माणसाला याहून चांगलं प्रदर्शन कोण मांडून देणार?

मी पुण्यात ग्राफिक डिझाइन शिकते. या सत्रात आम्हाला एखाद्या शहरातली चिन्हं गोळा करायची होती. दुकानांच्या पाट्या, शिक्के, मुद्रा, लोगो, रोज डोळ्यांसमोर असूनही न दिसणारं सगळं. वर्गातल्या बहुतेकांनी पुणं किंवा मुंबई घेतली. मी ग्वाल्हेर घेतलं. एक कारण घरचं, आईची मावशी तिथे राहते. दुसरं कारण म्हणजे हे शहर दोनशेहून जास्त वर्षं मराठी माणसांनी वापरलेलं आहे. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कराचा तळ टाकला, तिथेच वस्ती झाली आणि तिचं नाव आजही लश्कर आहे. वर्गातली मैत्रीण सोबत यायला एका पायावर तयार झाली.

पहिला दिवस : लश्कर

गाडी धुक्यामुळे बरीच उशिरा पोचली, एवढंच प्रवासाबद्दल पुरे. या दिवसांत त्या बाजूला जाणार असाल तर पोचण्याच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका.

मावशीआजीच्या घरात शिरलो तर हळदीकुंकू सुरू होतं. रथसप्तमी जवळ आली होती, त्यामुळे लश्करातल्या मराठी घरांमध्ये आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा क्रम चालू होता. तिळगुळाच्या वडीच्या जागी बशीत गजक, म्हणजे तीळ आणि गूळ कुटून केलेली पातळ थरांची मिठाई. दारात रांगोळी. आम्ही सामान ठेवतोय तोवर आजींनी आम्हालाही कुंकू लावलं, वाण म्हणून स्टीलची चाळणी हातात दिली आणि म्हणाल्या, "टोपी घाला गं पोरींनो, इथली सर्दी हाडात शिरते."

त्यांचं मराठी ऐकत राहावं असं आहे. क्रियापदं आपली, नामं अर्धी हिंदी. किल्ल्यावर सकाळी सातला जाऊ का, असं विचारलं तर म्हणाल्या, "कोहरा दहाला छटेल, तोवर वर जाऊन काय भिंतीला हात लावून बघणार?" त्यांच्याकडे येणाऱ्या बायकाही तशाच बोलत होत्या आणि उखाणा मात्र चोख मराठीत घेत होत्या.

दारातली रांगोळी मी नीट पाहिली. मधोमध सूर्य, त्याच्याभोवती पाकळ्या, खाली रथाचं चाक. आजी ती कशाचंही न बघता काढतात. मी वही पुढे केली आणि विचारलं, कागदावर काढाल का? त्यांनी पेन हातात घेतलं, दोन रेघा ओढल्या आणि थांबल्या. मग जमिनीवर पुन्हा चिमटीनं काढून दाखवली आणि मला म्हणाल्या, तूच उतरवून घे. हातातून सुटणाऱ्या पिठीचा वेगच त्या आकाराला वळण देत होता. पेनानं तो आकार येत नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर आजोबांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. जे. बी. मंघारामच्या बिस्किटांचा. ही सिंधमधल्या सक्करची कंपनी, फाळणीनंतर ग्वाल्हेरला आली. तिचे चित्रांचे डबे एकेकाळी घरोघरी असायचे, बिस्किटं संपली की सुईदोरा नाहीतर कागदपत्रं ठेवायला. या डब्याच्या झाकणावर राधाकृष्ण होते. कडांचा रंग उडालेला, पण चेहरे शाबूत. आजोबांनी त्यात पोस्टाची तिकिटं जपून ठेवली आहेत.

तिकिटं हातात घेतली तेव्हा आधी वाटलं, ही तर नेहमीची ब्रिटिश काळातली. राजाचं चित्र, इंग्रजी अक्षरं, किंमत. मग दिसलं, चित्रावरून काळ्या शाईत दोनदा नाव छापलेलं आहे, इंग्रजीत आणि देवनागरीत : 'गवालियर'. १८८५पासून ग्वाल्हेर संस्थानाच्या टपालासाठी हिंदुस्थान सरकारच्याच तिकिटांवर असं नाव ठोकून वापरत. पुढे हे काम ग्वाल्हेरच्याच आलिजाह दरबार छापखान्यात होऊ लागलं. संग्राहक त्यातल्या देवनागरी नावाची लांबी मोजतात, कारण काही छपाईत ते ऐसपैस पसरलेलं आहे आणि काहींत आखूड. आजोबांनी भिंग देऊन दोन तिकिटं शेजारी ठेवली. लांबीतला तो मिलिमीटरभराचा फरक एकदा दिसला की मग डोळा दुसरं काही बघेचना. आखूड छपाईत अक्षरं एकमेकांना चिकटून बसली आहेत आणि शिरोरेषा जाड वाटते. दुसरीत प्रत्येक अक्षराला श्वास घ्यायला जागा आहे. अक्षरांमधल्या अंतराबद्दल आम्ही वर्गात संगणकावर जे शिकलो, ते इथे नखाएवढ्या कागदावर होतं.

तिकिटांच्या तळाशी एक तांब्याचं नाणं होतं. पाव आणा, संवत १९८६, म्हणजे इसवी सन १९२९. एका बाजूला जिवाजीराव शिंदे. त्यांचा चेहरा इतका झिजलाय की नाक कुठे आणि पगडी कुठे हे बोटानं चाचपावं लागतं. उलट बाजूला संस्थानाची मुद्रा : सूर्य आणि दोन्हीकडून फणा काढलेले दोन नाग. तीही झिजली आहे. पण नाग ओळखू येतात. लगेच येतात, अर्ध्या अंधारातही येतात. शिंद्यांच्या कुळातला एक पूर्वज लहानपणी उन्हात झोपला असताना नागानं त्याच्यावर फणा धरून सावली केली, ही आख्यायिका आजोबांनी सांगितली. मला मात्र त्या नाण्यानं पकडून ठेवलं होतं. ज्या चित्रात बारकावा जास्त, ते आधी पुसलं गेलं. ज्याची बाह्यरेषाच बोलकी, ते शंभर वर्षांच्या हाताळणीतून तरलं.

त्या रात्री वहीत मी एक पान आखलं. ग्वाल्हेरमध्ये जो भेटेल त्याला नाग आणि सूर्य आठवणीतून काढायला सांगायचं. पहिलं चित्र आजोबांचं.

दुसरा दिवस : किल्ला

नाश्ता नया बाजारात केला. बेडई म्हणजे उडदाच्या डाळीचं सारण भरलेली फुगीर पुरी, सोबत बटाट्याची पातळ झणझणीत भाजी, द्रोणात. उभ्याउभ्याच खायची. कढईतून वाफ येते, माणसांच्या तोंडातून वाफ येते, धुकं आहेच, तेव्हा समोरचा माणूस आवाजावरून ओळखायचा. तिथून जवळच बहादुराची जुनी मिठाईची गादी आहे, बुंदीचे लाडू तिथले घ्या. साजूक तुपाचा वास गल्लीच्या तोंडाशीच येतो.

किल्ल्यावर जायला दोन वाटा. उरवाई दरवाजातून गाडी वर जाते. ग्वाल्हेर दरवाजातून चालत चढावं लागतं. शक्य असेल तर चालत चढा आणि उरवाईनं उतरा. चढ अंगावर येतो, पण दगडात कोरलेलं जुनं शून्य त्याच वाटेवर आहे.

हे शून्य चतुर्भुज मंदिरात आहे. मंदिर कसलं, एकाच खडकातून कोरून काढलेली लहानशी देवळी, वाटेच्या कडेला. न थांबता सहज पुढे निघून जाल. दाराला कुलूप असेल तर पहारेकऱ्याला विचारा. आम्ही विचारलं, त्यांनी उघडलं, आणि बाहेरच्या पांढऱ्या उजेडातून आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागला. भिंतीवरचा शिलालेख इसवी सन ८७६चा आहे. देवाच्या फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीची नोंद : लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोज ५० माळा देवाला मिळाव्यात याची तरतूद. २७० आणि ५० मधलं शून्य हे आपल्या देशात दगडावर कोरलेल्या अगदी जुन्या शून्यांपैकी एक. जगभरातले गणितवाले ते बघायला इथे येतात.

मी अक्षरं काढणारी मुलगी, मला त्याचा आकार बघायचा होता. ते लहान आहे. शेजारच्या २ आणि ७ पेक्षा बरंच लहान, जणू अंकांच्या ओळीत त्याला अजून पुरती जागा मिळालेली नाही. पण गोल मात्र बंद आहे, टोकाला टोक नीट जुळलेलं. दगडात गोल कोरणं सोपं नसतं, छिन्नीला सरळ रेघ आवडते. म्हणजे हे कोरणाऱ्याला या चिन्हाचा सराव होता. फुलांच्या माळांचा हिशोब लिहिताना त्यानं ते सहज वापरलं आहे, कसलाही गाजावाजा न करता. रोजच्या व्यवहारातलं चिन्ह याहून रोजचं काय असेल!

मंदिरात फोटो काढताना फ्लॅश वापरू नका. उजेड हवा असेल तर दाराशी पांढरा कागद धरा, त्यावरून परतून येणारा प्रकाश पुरतो.

वर हत्ती पोळ या दरवाजापाशी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. आजी म्हणाल्या तसं धुकं पातळ होत होतं आणि मानमंदिर महालाची दक्षिणेकडची भिंत खालून वर हळूहळू उलगडत होती. आधी पिवळसर दगड. मग निळा. मग त्या निळ्यात पिवळी बदकं, एका ओळीत, एकामागोमाग एक.

राजा मानसिंह तोमर यांनी १४८६ ते १५१६ या काळात राज्य केलं, त्यांनीच हा महाल बांधला. भिंतीवर चकाकीच्या फरशीचे तुकडे कापून नक्षी बसवली आहे. निळा, पिवळा, हिरवा. हत्ती, मगरी, केळीची झाडं, बदकं. १५२८ मध्ये बाबर इथे आला होता आणि या हिरव्या फरशीच्या केळींची नोंद त्यानं आपल्या आठवणींत करून ठेवली आहे. मला तो क्षण फार आवडतो : एवढा मोठा विजेता भिंतीपाशी थांबून केळीची झाडं बघतोय.

बदकांपाशी आम्ही दुपारपर्यंत बसलो. नीट पाहिलं तर एकेक बदक मोजक्या तुकड्यांचं आहे. पोटाचा एक मोठा वळसा, मान, चोच. फरशी कापायची म्हटली की नाजूक पिसं, पंजे वगैरे विसरायचं, कारण बारीक तुकडा तुटतो. जे कापता येईल तेवढंच ठेवायचं. त्यामुळे बदकाचं बदकपण कशात आहे हे कारागिराला आधी शोधावं लागलं, आणि ते सापडल्यावर बाकीचं त्यानं सोडून दिलं. आज एखाद्या दूध डेअरीसाठी नाहीतर मुलांच्या कपड्यांच्या ब्रँडसाठी कुणी हे बदक जसंच्या तसं घेतलं, तर पाचशे वर्षं जुनं आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. आणि रंग! एवढ्या वर्षांच्या उन्हापावसात छापील पोस्टरचं काय होईल याचा विचार करा आणि मग त्या निळ्याकडे बघा.

एका शाळेची सहल आली होती. माझ्या खांद्यावरून वहीत डोकावणाऱ्या एका मुलीला मी पेन्सिल दिली. तिनं भिंतीकडे एकदाच पाहिलं आणि नंतर मान वर न करता बदक काढलं. पोट, मान, चोच. तीन फटकारे. मग शेजारच्या मैत्रिणीनं तिचं बघून काढलं, तिचं बघून तिसरीनं. तिसरं बदक जरा जाडं झालं होतं, मान आखूड, पण होतं तेच बदक. मला या प्रकल्पात जे म्हणायचं होतं ते त्या तीन मुलींनी कागदावर मांडून दिलं. चिन्ह चांगलं की वाईट हे ते काढणाऱ्या सगळ्यात कच्च्या हातावरून ठरतं. त्या हातातूनही ते ओळखू आलं, तर ते चिन्ह. आम्ही वर्गात लोगोची परीक्षा तो लहान करून, काळापांढरा करून घेतो. आठवणीतून काढायला सांगून कधीच घेत नाही, आणि माझं ठाम मत आहे की ती घ्यायला हवी.

पुढे सासबहूचं देऊळ, तेली मंदिर वगैरे पाहिलं. दोन्ही थोर आहेत, पण त्या दिवशी माझ्या डोळ्यांत जागा उरली नव्हती. उतरताना उरवाईच्या घळीत कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती लागतात, त्यातली एक पन्नास फुटांहून उंच. मैत्रीण तिच्या पायाशी उभी राहिली तर गुडघ्यापर्यंतही पोचली नाही.

पाणी आणि खायचं सोबत ठेवा. किल्ला लांबीला जवळजवळ तीन किलोमीटर आहे आणि वर ऊन पडलं की स्वेटर कमरेला बांधावा लागतो. उतरल्यावर मात्र लगेच घाला.

तिसरा दिवस : २६ जानेवारी, बाडा

महाराज बाडा हा लश्करचा चौक. नाव आपल्या वाड्याचंच, मधोमध जिवाजीरावांचा पुतळा आणि भोवताली एकेका वेगळ्या शैलीतल्या इमारती : टपाल कार्यालय, टाऊन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, सरकारी छापखाना. प्रत्येकीचे खांब वेगळे, कमानी वेगळ्या. पायरीवर बसून नुसती मान फिरवली तरी स्थापत्याच्या इतिहासाचा एक तास होतो.

तिथल्या केंद्रीय ग्रंथालयात भारतीय संविधानाच्या मूळ प्रतींपैकी एक १९५६पासून आहे. ती प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि संविधान दिन अशा दिवशी लोकांना बघायला ठेवतात. आम्ही मुद्दाम तारीख तशी धरली होती. रांग होती. बरीचशी शाळकरी मुलं, हातात कागदी झेंडे, आणि आईवडिलांच्या कडेवरची त्यांची भावंडं.

संविधान हातानं लिहिलेलं आहे हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. समोर बघणं वेगळं. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी सगळा इंग्रजी मजकूर तिरप्या वळणात स्वतः लिहिला, मोबदला घेतला नाही, पानापानावर आपलं नाव मात्र लिहू द्या एवढंच मागितलं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पानं सजवली. मग देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात फोटोलिथोग्राफीनं, म्हणजे पानांचे फोटो घेऊन त्यांवरून छापून, प्रती काढल्या. काचेपाशी मुलं एकमेकांना ढकलत चित्रं शोधत होती. संविधानाच्या सुरुवातीच्या भागावर मोहेंजोदडोचा बैल आहे, म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याचा शिक्का. मराठी वाचकांसाठी सांगते, एका भागावर शिवाजी महाराज आहेत, गुरू गोविंदसिंगांसोबत. पण ग्वाल्हेरवाल्यांना हवं असतं ते राणी लक्ष्मीबाईंचं चित्र, टिपू सुलतानासोबतचं. १८५८ मध्ये राणी इथेच पडल्या, फूलबागेत त्यांची समाधी आहे. एक आजी आपल्या नातवाला सांगत होत्या, "ये अपनी रानी."

मला बघायचे होते सिंह. सारनाथच्या स्तंभावरचे सिंह या हस्तलिखितासाठी ज्यांनी रेखाटले ते दीनानाथ भार्गव तेव्हा शांतिनिकेतनात विद्यार्थी होते. मूळचे मध्य प्रदेशातल्या मुलताईचे, पुढे इंदूरला स्थायिक झाले. सिंह कसा उभा राहतो, आयाळ कशी पडते हे बघायला ते कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात जात राहिले. दगडातल्या सिंहाचं चित्र काढायचं होतं, तरी त्यांनी जिवंत सिंह पाहिला. साधारण माझ्याच वयाचा एक विद्यार्थी पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसलाय हे चित्र मनात आलं आणि काचेपाशी उभी असताना माझे डोळे भरून आले. राजमुद्रा २६ जानेवारी १९५०ला स्वीकारली गेली. तिच्याच दिवशी मी तिच्यासमोर उभी होते. आणि पर्समध्ये, नाण्यांवर, नोटांवर, पासपोर्टवर, हीच मुद्रा माझ्यासोबत पुण्याहून आली होती. दिवसातून कितीदा हातात येते, आणि आपण तिच्याकडे बघतो कधी?

बाड्याच्या मागच्या गल्लीत दिवसाचा दुसरा आनंद भेटला. दुकानं बंद, म्हणून एक पेंटर बंद शटरवर नाव रंगवत होते. वय साठीच्या पुढचं. आडनाव मराठी, बोलणं हिंदी. आजोबा-पणजोबा शिंद्यांच्या फौजेबरोबर आले एवढंच घरात माहीत आहे, म्हणाले. पत्र्याच्या पन्हाळ्यांवर अक्षर सरळ दिसावं म्हणून ते प्रत्येक पन्हाळीत रेघ थोडी चुकवून ओढत होते. जवळून बघितलं तर वाकडी, रस्त्याच्या पलीकडून बघितलं तर ओळंब्यात. खडू लावलेली दोरी ताणून टिचकीनं आधी वरची आणि खालची रेघ पाडली. मग सगळी अक्षरं शिरोरेषेशिवाय भरली. काठीवर मनगट टेकवून, डब्यात कुंचला एकदाच बुडवून, कडेला निथळून. शेवटी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा एका दमात. ती ओढताना ते श्वास रोखतात. आम्हीही रोखला होता.

शेजारच्या दुकानाची पाटी फ्लेक्सची, समोरच्याचीही, आणि तिन्ही-चारी पाट्यांवर संगणकातला एकच देवनागरी फॉन्ट. फ्लेक्स स्वस्त पडतो, लवकर होतो, दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या गल्लीत मैत्रिणीनं लांबून जी एकच पाटी वाचली ती शटरवरची होती, अजून अर्धीच रंगलेली.

मी वही पुढे केली : नाग आणि सूर्य. त्यांनी पेन नाकारलं आणि कुंचल्यानंच काढलं. लाल रंगात दोन वळसे एकमेकांसमोर, मध्ये ठिपका. पान आरपार भिजलं. वहीतलं सगळ्यात देखणं पान तेच आहे.

त्या दिवशीची एक सूचना : गुजरी महालातलं संग्रहालय सरकारी सुट्टीला बंद असतं. ग्यारसपूरची शालभंजिका, म्हणजे स्त्रीची जुनी दगडी मूर्ती, तिथे आहे, ती चुकवू नका, दिवस बघून जा.

चौथा दिवस : हजिरा, जयविलास आणि गजक

सकाळी हजिऱ्याला सूफी संत मोहम्मद घौस यांची कबर पाहिली. सोळाव्या शतकातली, अकबराच्या काळातली. चारी बाजूंना दगडी जाळ्या, आणि आत उन्हाचे कवडसे जमिनीवर त्याच नक्षीत पडलेले. एका जाळीवर कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घ्यायचा मोह होतो, घेऊ नका, तिथे परवानगी नाही आणि दगडाला ते बरंही नाही. बसून काढा. पहिल्या नजरेला गुंता वाटतो, पण कंपास धरला की मुळात षट्कोन सापडतो आणि मग बाकीचे तारे त्याच्यातूनच निघत जातात. शेजारीच तानसेनांची छोटीशी उघडी कबर आणि चिंचेचं झाड. गाणाऱ्यांनी पाला चघळायचा, आवाज सुधारतो म्हणतात. मैत्रीण गाते, तिनं चघळला.

शिंद्यांचा जयविलास महाल १८७४चा. दरबार हॉलमधली प्रत्येकी साडेतीन टनांची झुंबरं बघून सगळे माना वर करतात. छताला भार झेपेल का हे बघायला आधी हत्ती वर चढवले होते, हेही तिथे सांगतात. मी मात्र जेवणाच्या टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीपाशी थांबले. रुळांवरून फिरत ही गाडी पाहुण्यांना पेयं पोचवायची, आणि तिच्या डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर आहे, सगळी मिळून शिंद्यांचं नाव. गाडी समोरून जाताना पाहुणा नाव वाचत असणार, अक्षर अक्षर करत. हलत्या अक्षरांची जाहिरात आज आपण पडद्यावर बघतो, ती इथे टेबलावर धावत होती.

संग्रहालयाचा आठवड्यातला एक दिवस बंदचा असतो, आधी चौकशी करा. दोन तास तरी हवेत.

संध्याकाळी गजक घ्यायला गेलो. दुकानाच्या मागे गूळ आणि तिळाचा गरम गोळा लाकडी मोगऱ्यांनी कुटत होते, दोघं जण आलटून पालटून, ठेक्यात. कुटून कुटून तीळ मोडतो, थर पातळ होत जातो, म्हणून खऱ्या गजकेला दात लावावे लागत नाहीत. दुकानदाराच्या मुलाला वही दिली. नाग त्यानं काढले, सूर्याला मात्र डोळे, नाक, मिशा काढल्या आणि खाली आपलं नाव लिहिलं. सूर्य बदलला, नागांची जोडी तशीच.

वहीतली सगळी पानं आता मोठी करून आमच्या वर्गाबाहेरच्या भिंतीवर लावली आहेत : आजोबांचे थरथरते नाग, पहारेकऱ्याचे काटकोनी, पेंटरचे लाल, आजींच्या रांगोळीतल्या सूर्यासह. मधोमध नाण्याचा फोटो. येणारेजाणारे थांबून विचारतात, हे सगळं एकाच कुणाचं आहे का?

जाणाऱ्यांसाठी शेवटचं : राहायला लश्करात किंवा स्थानकाजवळ बघा, बाडा चालत जाता येतो. रिक्षा ठरवताना 'बाडा' म्हणा, 'जिवाजी चौक' म्हटलं तर दोनदा विचारतात. किल्ल्याचा दिवस पूर्ण मोकळा ठेवा. आणि गजक निघायच्या दिवशीच घ्या, दमट हवेत ती चिवट होते. पुण्यात पोचल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. आमची दोन दिवसांत संपली.